पाचशे ते पाचशे एकोणीस

जुन्या गढीखाली, पत्र्याच्या शेडमध्ये
मी खापरं धुते, दात घासायच्या ब्रशनं.
आधी काठ, मग पोट, मग तळ.
वाळली की पाठीवर पांढरा ठिपका,
ठिपक्यावर काळ्या शाईत
खड्डा, थर, क्रमांक.

बहुतेक आपलीच. काळी-तांबडी,
कुंभारवाड्यात आजही कुणी हातात घेऊन
खोट काढेल अशी.
चारशे बारा तेवढी परकी:
दारूच्या उंच रांजणाची जोडमूठ,
दोन वळ्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या,
माती पिवळट, इथली नव्हे.
कानडे सर म्हणाले, 'ग्रीक. किंवा तसली.
प्रश्नचिन्ह घाला.'
घातलं.

दारू संपल्यावर त्यात कुणी काय भरलं असेल?
तीळ? नदीचं पाणी?
तिकडं लेण्यात एका यवनानं दान कोरून ठेवलंय,
स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव,
सगळं इथल्या लिपीत.
ही मूठ त्याची नसणार.
एवढं सरळ काही जुळत नाही आमच्याकडे.

पाचशे ते पाचशे एकोणीस: भाजलेल्या मातीचे नळ.
एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळते.
मी लिहिलं होतं, 'निमुळतं तोंड नदीच्या उलट.'
सर दोन वर्षं 'जलपुरवठा' म्हणतायत,
निबंधाचं शीर्षकही तेच.

मंगळवारी शेडचा नळ गळायला लागला.
हमजाभाई आला, पान्हा, सुतळी, सफेदा घेऊन.
काम झालं, हात पुसत टेबलाशी थांबला.
'उलटं मांडलंय ताई.
पाणी येतं तिकडं मादी,
जातं तिकडं नर.
नाहीतर प्रत्येक जोडाला गळेल.'
पाचशे सात उचलून आतून बोट फिरवलं.
'चुना भरलाय. हात चांगला होता.'

हात चांगला होता, याला आमच्या वहीत रकाना नाही.

वीस ओळी खोडल्या मी, लाल शाईत, सहीसकट.
पाणी नदीकडून घरात नव्हे,
घरातून नदीकडे.
म्हणजे न्हाणीचं. भांड्यांचं. बाळंतिणीचं.
सर वाचून बराच वेळ चष्मा पुसत बसले.
'कुणी ओळखलं?'
शेऱ्यात लिहिलंच होतं:
हमजा नळवाले, वडाळा नाका.
तिथं प्रश्नचिन्ह घातलं नाही.

चारशे बारा अजून खिडकीत वाळतेय.
तिच्यावरचा ठिपका
जरा मोठाच पडलाय माझ्या हातून.