पोळ्यांचा हिशेब

अंबडमध्ये कारखाने किती, ते मला विचारू नका.
पोळ्या विचारा.
तिन्ही पाळ्या जोरात असल्या की अठराशे,
दिवाळीच्या तोंडावर दोन हजाराला टेकतात,
आणि गॅस्केटवाली कंपनी कुलूप लावून गेली
त्या वर्षी सातशे चाळीस.
पेपरात बातमी आठवड्याने आली.
मला परातीने आधीच सांगितलं होतं.

मंगळवारी गायधनी साहेबांचा फोन.
ताई, पाहुणे येतायत, बाहेरची मोठी कंपनी,
चाळीस ताटं, तिखट बेतानं,
आणि जमलं तर टेबलावर द्राक्षं ठेवा.
आवाज असा,
जणू मुलगी दाखवायचीय
आणि चहात साखर कमी पडायला नको.

मुलगी म्हणजे प्लॉट.
बेचाळीस एकर, बाभळी तोडलेल्या, मुरूम पसरलेला,
कोपऱ्यात पांढरा मंडप.
टेम्पोत डाळीचं पातेलं मांडीवर धरून
चार वर्षं आम्ही मोजलेले खड्डे
एका रात्रीत बुजले.
खांबांना चंदेरी रंग लागला.
झुंबरबाई म्हणाली,
रोज का नाही हो येत कोणी बघायला?

साहेबांनी पडद्यावर सगळं मांडलं.
गंगापूरचं पाणी, ओझरचं विमानतळ,
मुंबई इतक्या तासांत
(खोटं नाही, पण कसाऱ्यात ट्रक आडवा नसेल तर),
थंड हवा, शांत माणसं,
आणि मग मोठ्या अक्षरात: कुशल मनुष्यबळ.
मी डाळीमागे उभी.
हेमंता, म्हटलं, बघ, तुझं नाव आलं.
आयटीआयला पहिला आलेला माझा मुलगा,
चाकणला चौघांत एक खोली,
महिन्यातून एकदा येतो,
पिशवीत धुवायचे कपडे घेऊन.

त्यांच्यातला एक किडकिडीत, चष्मा कपाळावर,
सगळ्यांत शेवटी बोलला.
इथली मुलं शिकून जातात कुठे?
मंडपात फक्त पंखा.
गायधनी साहेबांनी पुढचं चित्र लावलं,
द्राक्षांचं.

मी त्याच्या ताटात न विचारता
आणखी एक पोळी वाढली.
पुण्याला जातात, साहेब.
रात्री साडेदहाच्या गाडीनं.
हे मी बोलले नाही. तूप सोडलं फक्त.

पावसाळा गेला. दसरा गेला.
मग पत्र आलं म्हणे, फार सभ्य भाषेत,
आदरातिथ्याचा खास उल्लेख करून.
साहेब दोन दिवस ऑफिसात दिवा न लावता बसले.
वाईट वाटलं मला, खरंच.
माणूस मनापासून धावला होता.
प्लॉटवर आता बाभूळ गुडघ्याएवढी.
खांब मात्र अजून चमकतात.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी
प्रल्हाद खैरनार दारात उभा,
तोच, गॅस्केटवाल्यांकडे प्रेसवर होता.
मागच्या गल्लीत गाळा घेतलाय,
दोन मशीन, एक जुनं, एक हप्त्यावर,
वीज अजून मागच्या भाडेकरूच्या नावावर,
परवान्यासाठी सात खेपा झाल्या
आणि आठवी सोमवारी.
ताई, सहा डबे. पैसे दहा तारखेला.
डब्यात चार पोळ्या. सहा चोक चोवीस.
चोवीस पोळ्यांसाठी कोणी मंडप घालत नाही,
कोणी खड्डे बुजवत नाही.
मी वहीत नवं पान काढलं.

संक्रांतीला डबे नऊ झाले.
मिलिंगवाला मिळत नाही म्हणाला,
मिळाला तरी टिकत नाही, तिकडे पगार जास्त.

रात्री हेमंतला फोन केला.
पगार आधी सांगितला, कमी आहे तो.
मग गाळ्याचा पत्ता सांगितला.
पलीकडून मशीनचा आवाज येत राहिला.
बघतो, म्हणाला.
आणि जेवलीस का, असं विचारलं,
जे तो सहसा विचारत नाही.

आज कणीक जरा जास्तच भिजली.
राहिली तर राहिली,
रात्रपाळीचा वॉचमन खातो.