मऊ थराचं वजन

जशुभाई विश्वामित्रीचं पाणी आणतात
सरबताच्या जुन्या बाटलीत.
"मगर बघत होती ताई, फुकट नाही आणलं."
मी ते गाळते, त्यातलेच जिवाणू वाढवते
आणि क्वार्ट्झच्या चकतीवरून सोडते
पाझर फुटावा इतक्या हळू.

चकती नखाहून जराशी मोठी. वर सोन्याचा मुलामा.
सेकंदाला पन्नास लाख वेळा थरथरते.
अंगावर कुणी बसलं की तिचा सूर उतरतो,
कानाला कळत नाही,
पडद्यावर दिसतं: उणे तीन. उणे पाच.
पुन्हा उणे दोन.
म्हणजे कुणीतरी उठून गेलं.

पहिले काही तास असेच जातात.
खुर्चीच्या कडेवर टेकणारे,
चहा नको म्हणणारे पाहुणे.
सोन्यावर ऋण भार, यांच्याही अंगावर ऋण भार,
मधे मिठाचे आयन पडतात
तेव्हा कुठे जरा जवळ सरकतात.

रात्री पावणेतीनला रेषा उतरते ती वर येत नाही.
आता ते स्वतःभोवती शेंबडासारखं काही विणतायत:
साखरेच्या लांब साखळ्या,
आणि मेलेल्यांच्या अंगातून सुटलेले
डीएनएचे धागे.

माझे पणजोबा इथे पागेचे हिशेब लिहायला आले
चार महिन्यांसाठी.
दांडिया बाजारात खोली. वर्षभर ट्रंक उघडली नाही म्हणे.
मग ट्रंकेवर गादी पडली.
मी शिव्या मराठीत देते,
आकडे मात्र मनात गुजरातीतच मोजते.
अगियार, बार, तेर.

वजनाचं एक सूत्र आहे.
सोन्यावर चांदी चढवा, बिनचूक चालतं.
इथे चुकतं. हा थर मऊ, पाणी धरून बसलेला,
चकती हलते आणि तो मागे रेंगाळतो.
पागेबाई म्हणतात, वजन सोड.
वीज तोड, आणि बघ घुमणं किती लवकर विरतं.

तोडते.
कालच्यापेक्षा लवकर.

सकाळी जशुभाई दारातूनच, "बेठुं?"
"बसलं," मी म्हणते, आणि हातमोजे चढवते,
कारण आता चकती धुवायची आहे.
आधी साबण, मग आम्ल, मग तीनदा शुद्ध पाणी.

सूर परत येतो. दोन हर्ट्झ सोडून.
पुन्हा धुते. दोनच.

वहीत लिहिते: चकती क्रमांक सात, जुनी.
बदलावी का?