पट्टी

सतरा वेळा मुरगळला.
पहिल्यांदा खो-खोच्या खांबापाशी, नववीत,
मग कुठेही. दांडेकर पुलाच्या फुटपाथवर,
पीएमटीतून उतरताना,
एकदा तर सपाट फरशीवर, हातात चहा धरून.
पायाला सवय लागली दगा द्यायची
आणि मला खाली बघून चालायची.

डॉक्टर केळस्कर म्हणाले, घोट्याचे अस्थिबंध सैल पडलेत,
जुन्या नाडीसारखे.
तुमचेच ओढून घेऊ, हाडाला शिवू.

आई शनिपाराशी फॉल-पिको करते, तीस वर्षं.
तिने चष्मा वर केला :
"विरलेल्यावर नुसती टीप टिकत नाही हो.
आतून पट्टी लावणार ना?"

लावणार होते. दोऱ्याचीच, चपटी,
दोन हाडांत रोवलेली.
शिवलेलं धरेपर्यंत ताण तिने सोसायचा.
"फार ओढू नका," आई म्हणाली, "चुण्या पडतात."
डॉक्टर हसले नाहीत.
"तेच तर सांभाळायचं असतं," म्हणाले.

आठवा आठवडा.
गॅलरीत एका पायावर उभी,
फिजिओने सांगितलेत तसे तीस आकडे.
अकराला डुगडुगला.
पट्टीने धरला.

आत मशीन थांबलं.
"खाली काय बघतेस?"

बारा.