अंगठा

गौरवाडच्या मळ्यात आम्ही चार हजार एकशे बारा पानांचे फोटो काढले.
उसाची पानं. दव वाळल्यावर,
ऊन चढायच्या आत.
पान धरायला हौसाक्का.
मी फक्त मोबाईल धरायचो.

ती सरीत शिरायची, पाचट खडखडवत,
आणि आतून हाक यायची,
"ये हिकडं, तांबेरा घावला."
मला तिथं नुसतं हिरवं दिसायचं.
ती पान उलटं करायची. पाठीवर
विटकरीची भुकटी, बोटाला लागणारी.
मग ते पान अंगठ्यानं ताणून उजेडाकडं धरायची
तोवर मी बटण दाबायचो.

निरोगी पानं काय, कुणीही काढावीत.
ती मी एकट्यानं काढली, बांधावरून जाता जाता,
हौसाक्का भाकरी खायला बसली की.

सम्मेदनं जयसिंगपूरच्या खोलीत
तीन रात्री मॉडेलला पानं चारली.
चौथ्या दिवशी फोन : सत्त्याण्णव टक्के!
आम्ही वाडीला जाऊन बासुंदी खाल्ली.

आणि मग पट्टणकोडोलीत,
तांबेऱ्यानं पार करपून गेलेल्या फडात,
मॉडेल म्हणालं, निरोगी.
दुसरं पान. निरोगी.
तिसरं.
मालक आमच्याकडं बघत होता, काही न बोलता,
ते बोलण्यापेक्षा वाईट.

परत आल्यावर हौसाक्कानं गंमत म्हणून
दारातल्या कर्दळीचं पान कॅमेऱ्यापुढं धरलं.
तांबेरा. अठ्ठ्याण्णव टक्के.
हळदीचं पान धरलं. तांबेरा.
कनवटीचं एसटीचं तिकीट काढून धरलं.
तांबेरा.

मॉडेल फोटोत नेमकं कुठं बघतं
ते लाल डाग पाडून दाखवता येतं.
सम्मेद रात्रभर तेच करत बसला.
पहाटे मला उठवून स्क्रीन दाखवली :
पानावर काहीच नाही.
सगळा लाल रंग खाली, कोपऱ्यात,
एका अंगठ्यावर.
नखात माती. पेरावर विळ्याचा तिरका वण.

रोग म्हणजे हा अंगठा,
एवढंच ते शिकलं होतं.
मी हसलो. मग हसायचं थांबलो.
आठ महिने मी तरी वेगळं काय शिकलो होतो?
मीही पान बघत नव्हतो,
तिचा हात कुठं थांबतो ते बघत होतो.

तिला सांगितलं तर म्हणाली,
"मग बरोबरच हाय की त्येचं.
मी काय चांगलं पान धरतो व्हय उगंच?"

दोन हजारांवर फोटोंतून अंगठा कापायला
आठ दिवस लागले.
टक्के उतरले एकाहत्तरवर.
सम्मेद म्हणाला, आता निदान खरे आहेत.
आणि म्हणाला, ह्या वेळी निरोगी पानंही
तिलाच धरायला सांग.

काल पुन्हा गेलो.
हौसाक्कानं एक हिरवंगार पान धरलं,
अवघडून, पाहुण्याचं पोर धरावं तसं.
"ह्यात बघायचं काय?"
तरी सवयीनं तिनं ते उलटं केलं.
बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.
मी मोबाईल नेम धरून उभा.

"नगं दाबूस," ती म्हणाली.
"अजून आलं न्हाई. येणार हाय.
आठ दिसांनी ये."

मी तरी फोटो काढला.
आता तो फोल्डरबाहेर एकटाच पडून आहे.
सम्मेदच्या यादीत रकाने दोनच :
आहे. नाही.