फोड जपण्याची रीत

सातव्या महिन्यात सासू म्हणाली,
"तुले तळहाताच्या फोडावानी जपू व माय."
मला हसू आलं.
फोड कसा जपतात
हे या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

कासारणीनं माझा हात धरला, आणि सोडला.
"दाबल्याबिगर चढत नाहीत."
मग हिरवा डझन ओटीतच ठेवला,
तांदळावर, खोबऱ्याच्या वाटीला टेकून.

हे आबांकडून आलं.
सावद्याला पस्तीस वर्षं त्यांनी घड भरले,
ट्रकच्या फळ्यांवर पाला, पाल्यावर घड, वर पुन्हा पाला.
"डाग पडला की भाव पडतो," म्हणायचे,
आणि तोच पाला गुडघ्यांना बांधून घरी यायचे.
माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी आधीच सांगून टाकलं,
मालात खोट आहे, बघून घ्या.
मी दाराआड होते.
ते वाक्य मी अजून माफ केलेलं नाही.

जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
छापा किंवा काटा, दर खेपेला नव्यानं.
दिगंबरनं खिशातला रुपया काढला,
टेबलावर ठेवला.
उडवला नाही.

वैशाखात परकराची नाडी सुटली ती सुटलीच;
मी त्याचे सदरे घालून वावरले.
काखेत फोड, टाचेला फोड, चपलेच्या अंगठ्यात फोड,
पोटावर मात्र एकही नाही.
घासलं की फुटते माझी कातडी,
आतून ढकललं तर वाट देते.
हे मला पोरीनं शिकवलं.

दवाखान्यात मी वही नेली:
चिकटपट्टी नको, कापडाच्या वादीनं बांधा.
स्पिरिटचा बोळा घासू नका, टेकवा.
बीपीच्या पट्ट्याखाली जुन्या धोतराची घडी.
ओढून उचलू नका, मीच सरकेन.
हुरमत तडवी सिस्टरनं ते पान वाचलं,
आणि भिंतीवर लावलं, चिकटपट्टीनं.
"हिला चालते," म्हणाली भिंतीकडे बघून.

रात्री तिनं यावलहून पानं आणली,
केळीची, कोवळी, वाफवून निववलेली,
माझ्या पाठीखाली अंथरली.
आबा दारातूनच वाकून बघत होते.
"शिरेची बाजू खाली करा," एवढंच म्हणाले,
आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

दुखणं मला नवं नव्हतं.
नवं होतं ते
दोन कळांच्या मधे त्याचं पार थांबणं.
पहाटे कोणीतरी टॉवेल उचलला
तेव्हा मी ओरडले, बहुतेक पहिल्यांदाच:
पुसू नका! टिपा!
मुलगी.
मनगटाला पट्टी नाही,
नाव दुपट्याच्या काठावर, निळ्या दोऱ्यानं.

तिसऱ्या दिवशी डाव्या टाचेवर
ज्वारीच्या दाण्याएवढा.
कोणी बोलेना. सासूनं पदर तोंडाशी धरला.
मी म्हटलं, सुई इकडे द्या.

बुडाशी टोचायचं, आडवं.
पाणी आपलं आपण येऊ द्यायचं, दाबायचं नाही.
वरची कातडी सोलायची नाही,
ती तिची आहे, तिच्यावरच राहू दे.

पोर रडली नाही.
आबा चष्मा वर सारून बघत होते.
"हात हलका आहे तुझा," म्हणाले.
मालाबद्दल
काही बोलले नाहीत.