दोन याद्या

पहिली यादी आली शुक्रवारी, नमाजानंतर.
नजीब होडेकरने काउंटरवर ठेवली. झेरॉक्स होती,
वर पडलेल्या शाळेचा फोटो,
झेरॉक्समध्ये नुसताच काळा डाग झालेला,
तरी मधली एक चप्पल ओळखू येत होती.
"शेट्येकाका, एवढं विकू नका. आमचा जोर नाही."
जोर करायची गरजही नव्हती.
मोहल्ल्याची उधारी माझ्या वहीत अकरा पानं आहे,
आणि ती चप्पल माझ्या नातवाच्या मापाची होती.

दुसरी आली मंगळवारी.
हर्षल चोगले, मागे सोसायटीचे तिघे,
हाताने लिहिलेली, वहीचं पान फाडून.
"तिकडे आपल्या कोळंबीवर कर बसवलाय, काका.
शेड बंद पडली. माल न्हाव्याला अडकलाय.
ते आपलं खात नाहीत, तर आपण त्यांचं का प्यायचं?"
मला उत्तर सुचलं नाही. मी शेंगदाणे मापत होतो.

रात्री फळ्या लावल्यावर
दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.
साबण तोच. टूथपेस्ट तीच.
वेफर्स, शाम्पूची पुडी, दाढीचं पातं
आणि ते काळं पाणी, दोन्हीकडे पहिल्या नंबरला.
नजीबकडे एक बिस्कीट जास्त होतं
(ते माझ्या माहितीने इथलंच आहे),
हर्षलकडे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका जास्त.
सहा वर्षांपूर्वी मिरवणुकीच्या रस्त्यावरून
ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली,
ती पोरं एका साबणापाशी भेटली होती
आणि त्यांना ते माहीत नव्हतं.
मी सांगितलं नाही.
सांगितलं असतं, तर एकाने यादी बदलली असती.

फ्रीज कंपनीचाच. लाल.
वरच्या पाटीवर मी जुना पेपर चिकटवला.
दिवसा चालून जातं,
रात्री दिवा लागला की कागदातून अक्षरं दिसतात,
ओल्या सदऱ्यातून बरगड्या दिसाव्यात तशी.
आत आता आंजर्ल्याहून येणारी गोटी सोडा,
कोकमाच्या बाटल्या,
आणि खालच्या कप्प्यात बायकोने ठेवलेली बांगड्याची पिशवी,
जिचा वास सगळ्याला लागतो.

संध्याकाळी लिलाव उरकला की
पोरं येतात. दोन बाकं, मध्ये गोणी.
अंगठ्याने गोटी दाबतात, टक् करून आत पडते,
आणि दोन्ही बाकं सुवर्णदुर्गाकडे बघत पितात
जणू किल्ला आजच बांधलाय.

काल द्वारकी पावसे आली.
अठरा वर्षं शेडमध्ये कोळंबी सोलली तिने,
बोटांची टोकं बर्फाने मेलेली,
सुट्टी नाणी तिला उचलता येत नाहीत,
काउंटरच्या कडेपर्यंत सरकवत नेते.
महिनाभर घरी आहे.
"मना ते काळं दे. पोट फुगलंय."
"मावशी, ते बंद केलंय."
"कोणी?"
मी हनुवटीने बाकं दाखवली.
दोन्ही बाकं किल्ल्याकडे बघू लागली.
"मी सोललेली कोनी खाल्ली,
ते मी कधी इचारलं नाय," ती म्हणाली,
"माझ्या पोटाचं तुम्ही कशाला इचारता?"

पेंडीच्या पोत्यामागे एक उरली होती.
स्टीलच्या पेल्यात ओतून दिली,
लांबून कोरा चहा वाटावा म्हणून.
नजीबने पाहिलं. हर्षलनेही पाहिलं.
नजीबने सोड्याची रिकामी बाटली
उगीचच पुन्हा तोंडाला लावली.

तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
"गॅस गेलाय रं याचा."
उरलेलं दारासमोरच्या वाळूत ओतलं,
पैसे मात्र पुरते सरकवले, एक एक करून,
आणि करपट ढेकर देत जेटीकडे निघून गेली.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग वाळूतल्या ओल्या डागावर
मुंगळे आले.