लाळेरं

निवासनं तिकिटं काढली तेव्हा मी म्हटलं,
गुरवाला देवळं दाखवायला एवढ्या लांब कशाला नेतोस,
माहुलीत काय कमी आहेत?
तो फोनवर हसला. शालननं मात्र त्याच संध्याकाळी
कंदी पेढ्यांचा हिशेब मांडला:
दोन किलो नागोयाला, अर्धा वाटेत.

क्योटोच्या पहिल्या देवळात
मी आधी झाडू बघितला.
बांबूच्या काटक्यांचा, सरळ झिजलेला.
माझा एका अंगानं झिजतो.
झाडणारा माझ्याच वयाचा. त्यानं मान लववली,
मीही लववली.
त्याला माझ्या हाताचे घट्टे दिसले असणार.

वाळूवर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा,
कुणी पाय ठेवत नव्हतं त्यांच्यावर.
आमच्याकडे रेघ नदी ओढते,
पूर ओसरला की घाटाच्या भिंतीवर,
आणि आम्ही शेजारी साल लिहून ठेवतो.

घंटा होती बैलगाडीएवढी, आत लोळा नाही.
बाहेर दोरांना टांगलेला ओंडका,
तो मागे ओढायचा नि सोडून द्यायचा.
म्हटलं, ही तर बिनजिभेची!
प्रज्ञा म्हणाली, बाबा, थांबा जरा.
आवाज आला तो तळपायातून.
संपला कधी, कळलं नाही.

नारात एका हरणानं
पेढ्यांचा पुडा कागदासकट खाल्ला.
शालन त्याला आपल्या भाषेत रागावली,
ते मान हलवत होतं, सगळं कळल्यासारखं.

एका ठिकाणी लाकडाचं देऊळ दर वीस वर्षांनी
मोडून पुन्हा तसंच बांधतात.
शेजारी तेवढीच मोकळी जागा, खडी पसरलेली,
पुढच्या वेळेसाठी.
मी सांध्यात कुठं खिळा दिसतो का ते शोधत होतो.
शालन देवळाकडे पाठ करून
त्या खडीकडे बघत बसली होती.

आणि मग तो चढ. वाटेच्या कडेला
ओळीनं दगडाची पोरं, हातभर उंच,
गोल डोकी, मिटलेले डोळे,
गळ्यात लाल लाळेरी.
कुणाला लोकरीची टोपी. एकापुढे भिरभिरं,
वाऱ्याशिवायही थोडं हलणारं.
शालन हसली. कुणाची गं ही बाळं?
प्रज्ञानं फोनमध्ये वाचलं, मग फोन खाली केला.
म्हणाली, आई, जी राहिली नाहीत, त्यांची.

निवासच्या आधीची. मुलगी.
अकरा दिवसांची.
बारसं दुसऱ्या दिवशी होतं, घुगऱ्या भिजत घातलेल्या.
मीच नेली, फडक्यात, संगमाच्या अलीकडे
बाभळीखाली. बायका येत नाहीत तिथं.
सदतीस वर्षांत तिनं जागा विचारली नाही,
मी सांगितली नाही.
एकाच ताटावर जेवत आलो.

तिथं एकाचं लाळेरं कलंडलं होतं.
तिनं वाकून गाठ सोडली, पुन्हा बांधली,
हनुवटीखाली बोट घालून बघितलं,
आवळत तर नाही ना.
बस सुटायची वेळ झाली, निवास हाका मारत होता.
मी त्याला हातानंच गप्प केलं.

घरी आल्यावर तिसऱ्या रात्री मशीन चाललं.
लाल खण, पांढरी नाडी.
सकाळी म्हणाली, जागा दाखवा.

बाभूळ कधीच वाहून गेली होती.
मी खरं ते सांगितलं: नक्की आठवत नाही,
इथं, किंवा दहा पावलं तिकडं.
ती म्हणाली, चालेल.
मी चांगला गोटा बघून उचलला.
तिनं तो ठेवून दिला, दुसरा घेतला, ओंजळीत मावणारा.
एवढीशी तर होती, म्हणाली.

पावसाळ्यात पाणी इथवर चढतं, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाली.

उरलेला खण घडी करून
मशीनच्या खणात ठेवलाय.
त्यात अजून चार निघतील.